औषध खरे, म्हणून वेद खरा?

सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर आणि मेळघाटातल्या खडकाळ टेकड्यांवर सालईची झाडे उभी असतात. साल कागदासारखे पापुद्रे सोडणारी, उन्हाळ्यात अंगावर पान नाही, आणि खोडाला खाच मारली की सुगंधी चीक पाझरू लागतो. तो वाळला की डिंक होतो. या डिंकाला पुढे दोन वाटा फुटतात. एक देवापुढे जाते. निखाऱ्यावर पडला की तो धूप होतो. दुसरी औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाते. तिथे त्याचा अर्क काढतात, उंदराला पाजतात आणि त्याच्या पायाची सूज मोजतात. देवापुढच्या धुपाला कुणी पुरावा मागत नाही, प्रयोगशाळेतल्या अर्काला मात्र पुराव्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

एक वाट श्रद्धेची, दुसरी विज्ञानाची, दोघींनी आपापल्या जागी सुखाने नांदावे, असे म्हणून विषय मिटवण्याची आज रीत आहे. भारतीय तत्त्वज्ञानातल्या सर्वांत चिकित्सक परंपरेने तो इतक्या स्वस्तात मिटवला नव्हता. न्यायदर्शनाने वेदाची विश्वासार्हता थेट औषधाच्या गुणाला बांधली. औषध लागू पडते हे डोळ्यांना दिसते, म्हणून ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा आणि मग त्याच सांगणाऱ्याने न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल जे सांगितले तेही माना, असा तो युक्तिवाद आहे. एकदा हे मान्य केले की औषधाची चाचणी ही केवळ वैद्यांची आणि रसायनतज्ज्ञांची बाब उरत नाही.

न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा वाद रंगतो. पूर्वपक्षी वेदावर तीन आरोप ठेवतो : तो खोटे सांगतो, परस्परविरोधी सांगतो आणि तेच तेच पुन्हा सांगतो. पहिल्या आरोपाचे भाष्यातले उदाहरण बोचरे आहे. पुत्रकामेष्टी केली आणि मूल झालेच नाही. ज्याचे फळ याच जन्मी दिसायला हवे तेच वाक्य खोटे ठरले, तर मेल्यानंतर स्वर्ग देणाऱ्या वाक्यावर कोण विश्वास ठेवील? सूत्रकार गौतमाचे उत्तर असे की दोष वाक्याचा नाही. कर्म करण्यात, करणाऱ्यात किंवा साधनात उणीव राहिली असेल. पुढे प्रकरणाच्या शेवटी तो आपला मुख्य दाखला देतो. मंत्र आणि आयुर्वेद यांचे प्रामाण्य जसे, तसेच वेदाचे. कारण दोन्हीकडे बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह आहे. पाचव्या शतकाच्या सुमाराचा भाष्यकार वात्स्यायन याची फोड करतो. आयुर्वेद सांगतो की हे करा, म्हणजे इष्ट ते मिळेल आणि अनिष्ट टळेल. तसे केले की तसेच घडते. यावरून सांगणाऱ्याचा अधिकार कळतो.

शितावरून भाताची परीक्षा, असा हा सगळा व्यवहार आहे. आयुर्वेद हे शीत, वेद हा भात.

सगळ्यांना ही मांडणी मान्य नव्हती. मीमांसकांच्या मते वेदाला कर्ताच नाही, तेव्हा कर्त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाचे म्हणणे असे की ज्ञान जन्मतःच प्रमाण असते. त्याला बाहेरून शिक्का लागत नाही. त्याच्याविरुद्ध काही पुढे येईपर्यंत ते खरेच धरायचे. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, परतःप्रामाण्याच्या, म्हणजे बाहेरून पडताळण्याच्या, बाजूचे. समोर पाणी दिसले, एवढ्याने ते पाणी ठरत नाही. जवळ गेलो, प्यालो आणि तहान भागली, मग ठरले.

शेकडो वर्षांपूर्वीचा हा शास्त्रार्थ आजही भारताच्या औषध कायद्यात जिवंत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. आयुर्वेदिक औषधे त्याच्या कक्षेत १९६४ च्या दुरुस्तीने आली. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ग्रंथांची यादी आहे : चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश आणि आणखी बरेच. एखादे औषध या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे आणि त्यांत सांगितलेल्या विकारासाठी बनवले, तर २०१० साली आलेल्या १५८-ब या नियमाने त्याच्या सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. गुणाबाबत ग्रंथाधार पुरतो. पाणी किंवा अल्कोहोल सोडून भलत्याच द्रावकात अर्क काढला, की मात्र विषारीपणाच्या चाचण्या आणि गुणाचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे एकाच नियमाच्या एका कलमात कुमारिल बसला आहे आणि दुसऱ्यात वात्स्यायन. ग्रंथातले औषध विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरे, नवे औषध सिद्ध होईपर्यंत संशयित.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी स्वतः कोणती बाजू घेतली होती? उत्तर एकच नाही आणि तेच या परंपरेचे वैभव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या अकराव्या अध्यायात परीक्षेचे चार मार्ग सांगितले आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. शेवटचा मार्ग चरकाचा खास. अनेक कारणे एकत्र येऊन एक फळ कसे देतात, हे जोखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. गंमत अशी की हे चारही मार्ग त्या अध्यायात पुनर्जन्म आहे की नाही या प्रश्नाला लावून दाखवले आहेत. औषध जोखायची हत्यारे परलोक जोखायलाही चालतात, असा वैद्याचा आत्मविश्वास.

सुश्रुतसंहिता उलट बोलते असे वाटते. ज्या औषधींचे गुण प्रत्यक्ष दिसतात आणि स्वभावतः प्रसिद्ध आहेत, त्यांची शहाण्याने तर्काने परीक्षा करू नये, असा तिचा निर्वाळा आहे. कारण हजार युक्तिवाद केले तरी मल बांधणारी अंबष्ठादी द्रव्ये जुलाब घडवणार नाहीत. परीक्षेला बंदी म्हणून हे वचन पुष्कळदा पुढे केले जाते. मात्र सुश्रुताचा रोख वादपटूंवर आहे. द्रव्याचा गुण वक्तृत्वाने बदलत नाही, असे तो म्हणतो, आणि सूज मोजणाऱ्या उपकरणाचेही म्हणणे तेच आहे.

अष्टांगहृदयाचा कर्ता वाग्भट सर्वांत धीट. तो एकीकडे सांगतो की हे शास्त्र आगमसिद्ध आहे, त्याचे फळ प्रत्यक्ष दिसते, म्हणून ते मंत्रासारखे वापरावे, त्याची चिकित्सा करू नये. आणि तिथूनच काही श्लोकांच्या अंतरावर तो विचारतो की वाताला तेल, पित्ताला तूप आणि कफाला मध हितकर, हे ब्रह्मदेवाने सांगितले काय आणि आणखी कुणी सांगितले काय, बोलणारा बदलला म्हणून तेलातुपाची शक्ती बदलते का? ऋषींनी लिहिले म्हणूनच वाचायचे असेल तर चरक-सुश्रुत बाजूला ठेवून भेल आदींचे ग्रंथ का वाचत नाही, असाही टोला तो हाणतो.

आता सालईकडे यावे. बाजारातल्या डब्यांवर ती 'हजारो वर्षांची सांधेदुखीची पारंपरिक वनस्पती' म्हणून मिरवते. चरकाने सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात द्रव्यांचे पन्नास गट पाडले आहेत, प्रत्येक गटात दहा द्रव्ये. सूज हटवणाऱ्या दहांच्या गटात आहेत पाटला, अग्निमंथ, बेल, टेंटू, शिवण, रिंगणी, डोरली, सालवण, पिठवण आणि गोखरू, म्हणजे आपले ओळखीचे दशमूळ. त्यात सालई नाही. शल्लकीची, म्हणजे सालईची, साल सापडते ती मलाचा बिघडलेला रंग पूर्ववत करणाऱ्या गटात. डिंकाचे उपयोग इतरत्र येतात, परंपरा एका यादीत संपत नाही, हे खरेच. तरीही गुडघेदुखीवरचे औषध ही सालईची आजची कीर्ती पोथीपेक्षा प्रयोगशाळेने जास्त घडवली आहे. ज्याला आपण आप्तवचन समजतो त्यातला मोठा भाग १९८० नंतरचा आहे.

हे घडले जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत. तिथला सालई गुग्गुळाच्या, म्हणजे सालईच्या डिंकाच्या, अर्काचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. वापरलेली मुख्य पद्धत आज देशातल्या जवळपास प्रत्येक फार्मसी महाविद्यालयात शिकवली जाते. लाल समुद्री शेवाळापासून काढलेला कॅराजीनान नावाचा पदार्थ आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. त्याचे १ टक्का द्रावण, ०.१ मिलिलिटर, उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचतात. पाय सुजू लागतो. पहिल्या तासाभरात हिस्टामिन आणि सिरोटोनिन यांचा जोर असतो, नंतर प्रोस्टाग्लँडिनांचा. तीन ते पाच तासांत सूज कळसाला पोचते. प्लेथिस्मोमीटर नावाच्या उपकरणात पाय बुडवला की किती द्रव वर सरकला त्यावरून सुजेचे आकारमान कळते. ही पद्धत १९६२ साली अमेरिकेत मर्क कंपनीच्या संशोधकांनी मांडली आणि अजून ती हटलेली नाही.

या प्रयोगाचा प्राण कुठे आहे? अर्क पाजलेल्या उंदरांत नाही. ज्यांना काहीच पाजले नाही, नुसते औषध विरघळवायचे पाणी किंवा गोंदाचे द्रावण दिले, त्या गटात आहे. अर्क दिला आणि सूज कमी झाली, हा अन्वय. अर्क दिला नाही आणि सूज कमी झाली नाही, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याशिवाय व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा अटळ संबंध, सिद्ध होत नाही, हे नैयायिकांनी धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणावर पिढ्यान्‌पिढ्या घोटले होते. शेजारी तिसरा गट असतो, इंडोमेथॅसिनसारखे जाणते औषध दिलेला. त्यामुळे मोजमाप मुळात चालते आहे ना, हेही कळते.

जम्मूच्या अभ्यासातल्या दोन गोष्टी विशेष बोलक्या आहेत. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांतही अर्काचा गुण तसाच दिसला. म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड चेतवून तो काम करत असावा, ही शक्यता बाद झाली. दुसरी गोष्ट, कातडीखाली कापसाची गोळी ठेवून तिच्याभोवती गाठ होऊ देण्याच्या चाचणीत अर्काचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. इथे औषध नापास झाले आणि ते नापास झाल्याचे छापूनही आले. ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही तिला परीक्षा म्हणत नाहीत.

याच ठिकाणी न्यायसूत्राचा दाखला अडचणीत येतो. गौतमाने आयुर्वेद एकटा घेतला नव्हता, शेजारी मंत्र ठेवला होता. मंत्राने विष उतरते, हे त्याच्या काळच्या पंडितांना डोळ्यांनी पाहिलेले, वादापलीकडचे सत्य वाटत होते. खेड्यापाड्यांत मांत्रिकाकडे नेलेला सर्पदंशाचा माणूस बरा झाल्याची हकिकत आजही ऐकू येते आणि ती खोटी असतेच असे नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. माणूस वाचतो तो त्यामुळे, श्रेय जाते मंत्राला. नैयायिकांच्याच भाषेत हा उपाधीचा दोष आहे. धूर नुसत्या अग्नीमुळे नव्हे, सोबतच्या ओल्या लाकडामुळे येतो, ही लपलेली अट ध्यानात न घेण्याचा. 'केले आणि घडले' एवढ्यावर मंत्र आणि औषध दोन्ही पास होतात. त्यांना वेगळे करायला 'न करताही घडले का?' हा प्रश्न लागतो. तो विचारायची तार्किक सामग्री न्यायशास्त्राकडे होती, वीस मंत्र घातलेले आणि वीस न घातलेले रुग्ण शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत मात्र नव्हती.

गुडघ्याचेही तसेच आहे. सांध्यांची झीज चढ-उतारांनी चालते. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे अगदी असह्य झाल्यावर, आणि त्यानंतर काही न करताही ते थोडे ओसरते. म्हणून नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात सालईच्या अर्काची जी चाचणी झाली आणि २००३ साली प्रसिद्ध झाली, तिची आखणी पाहण्यासारखी आहे. तीस रुग्ण. निम्म्यांना आठ आठवडे अर्क, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. मध्ये काही काळ सुट्टी, मग अदलाबदल. कुणाला काय मिळते आहे, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. अर्क चालू असताना दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरणाच्या चित्रात मात्र काहीही फरक पडला नाही. औषधाने काय केले आणि काय केले नाही, दोन्ही एकाच निबंधात नोंदले गेले.

दोघांचेही डोळे बांधण्याच्या या रीतीकडे तत्त्वज्ञानाच्या बाजूने पाहिले तर ती जुनीच ओढ नव्या वेषात आलेली दिसते. आप्त कोण, या प्रश्नाला चरक उत्तर देतो की तप आणि ज्ञान यांच्या बळाने जे रज आणि तम यांतून सुटले आहेत ते. ज्याला काही मिळवायचे नाही, काही लपवायचे नाही, त्याचे बोलणे निःसंशय. अडचण एवढीच की समोरचा माणूस रज-तमातून सुटला आहे हे कसे ओळखायचे? आजच्या संशोधकाकडून तर ही अपेक्षाही व्यर्थ. त्याला बढती हवी असते, कंपनीला विक्री हवी असते, रुग्णाला बरे व्हायचे असते, डॉक्टरला तो बरा झालेला पाहायचा असतो. दुहेरी अंध चाचणी यातल्या कुणालाही विरक्त व्हायला सांगत नाही. ती फक्त अशी व्यवस्था करते की त्यांच्या रागद्वेषाला हात घालायला जागाच मिळू नये. आप्तत्व माणसाच्या अंगातून काढून ते रचनेत ठेवायचा हा प्रयत्न आहे.

वात्स्यायनाला यात परकेपणा वाटला नसता, असे मानायला आधार आहे. विषय प्रत्यक्ष जाणलेला आणि जसा जाणला तसा सांगू इच्छिणारा तो आप्त, ही व्याख्या देऊन तो पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे. सालईतली बॉस्वेलिक आम्ले ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला अडवतात, हे १९९२ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी दाखवले. तेव्हा वात्स्यायनाच्या कसोटीने तेही आप्तच. रक्तात पोचणाऱ्या प्रमाणात हाच विकर खरोखर अडतो का, यावर नंतर शंका निघाल्या, दुसरी लक्ष्ये पुढे आली. 'का' बदलत राहिले. गुडघ्याचे 'काय' त्या मानाने टिकले. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात ९० दिवसांनंतर औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांचे दुखणे १०० पैकी ४०, तर समृद्ध केलेला अर्क घेणाऱ्यांचे २३ च्या आसपास असे आढळले, तेही थोड्याच रुग्णांच्या आधारे.

परीक्षेच्या विरोधातला सर्वांत गंभीर आक्षेप 'श्रद्धेला धक्का लागतो' हा नव्हे. तो नवव्या शतकातल्या काश्मीरच्या जयंत भट्टाने न्यायमंजरीत घेतला आहे, आणि जयंत स्वतः नैयायिक. त्याचा मुद्दा असा की द्रव्ये अगणित, त्यांचे संयोग अगणित, देश, काल, प्रकृती आणि मात्रा यांचे भेद अगणित. अन्वय-व्यतिरेकाने एकेक तपासत बसायचे तर हजारो जन्म पुरणार नाहीत. म्हणून हे ज्ञान निरीक्षणाने जमवलेले असू शकत नाही, ते सांगणारे चरकादी सर्वज्ञच असले पाहिजेत.

सर्वज्ञतेचा निष्कर्ष आज कुणी स्वीकारणार नाही, पण मोजणी बिनतोड आहे. सालईचाच विचार करा. वैद्य देतो तो डिंक, शुद्ध केलेला, अनेकदा इतर द्रव्यांबरोबर, अमुक प्रकृतीच्या अमुक अवस्थेतल्या माणसाला. प्रयोगशाळा देते तो अल्कोहोलात काढलेला अर्क, निरोगी, एका वाणाच्या, एका वयाच्या उंदराला. यातल्या कशाने सिद्ध होते की वैद्याचे वचन खरे? काटेकोर बोलायचे तर कशानेच नाही. सिद्ध होते ते त्या अर्काबद्दल. साधी गोष्ट : बॉस्वेलिक आम्ले शरीरात फार कमी शोषली जातात, स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर बरीच जास्त. उपाशीपोटी केलेल्या चाचणीने औषध फोल ठरवले असते आणि तुपाबरोबर द्या म्हणणारा वैद्य बरोबर ठरला असता. कर्म, कर्ता आणि साधन यांच्या वैगुण्याची गौतमाची सबब इथे सबब राहत नाही, तपासता येणारे विधान होते. तपासायला नकार दिला तर मात्र ती पुन्हा सबब होते. पुत्रकामेष्टी फसली की ऋत्विज चुकला, आणि चाचणी फसली की अनुपान चुकले, असे कायमच म्हणता येते.

हळदीतल्या करक्यूमिनने दुसऱ्या टोकाचा धडा दिला. त्याने परीक्षानळीत जवळपास प्रत्येक चाचणी पास केली. त्याच्यावर हजारो निबंध निघाले. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दीर्घ आढाव्याने दाखवले की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात पुरेसा पोचत नाही, आणि अनेक चाचण्यांच्या मोजमापातच ढवळाढवळ करून खोटा होकार मिळवतो. पुन्हा उपाधी. या वेळी ती मांत्रिकाच्या अंगणात नव्हती, प्रयोगशाळेच्या टेबलावर होती. हळदीचा पोटिसातला गुण याने खोटा ठरत नाही, करक्यूमिनच्या नावाने केलेले बरेच दावे मात्र ठरतात.

उंदराचा, म्हणजे प्रयोगातल्या हिंसेचा, प्रश्न उरतो. सांख्यकारिकेच्या दुसऱ्या श्लोकात वैदिक उपायाला अशुद्धीचा दोष लावला आहे आणि टीकाकार त्याचा अर्थ यज्ञातली पशुहिंसा असा सांगतात. मीमांसकांना हे पटत नाही. विधीने सांगितलेली हिंसा अधर्म नाही, असे त्यांचे मत. सांख्य म्हणतात, फळ मिळेल, पण दुःख दिले त्याचा हिशेबही त्यात मिसळलेला राहील. भारतात प्राण्यांवरचे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याखालच्या समितीच्या देखरेखीत होतात आणि प्रत्येक संस्थेची नैतिक समिती परवानगी देते. परवानगीचा कागद मिळाला की हिंसा पुसली गेली, ही मीमांसकी वृत्ती. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या घटवा, वेदना कमी करा, ही सांख्यांच्या जवळची आहे. तिच्यात हिशेब चालू राहतो. त्या हिशेबाने पाहिले तर पदव्युत्तर प्रबंधासाठी आणखी एका झाडाच्या आणखी एका पानाचा अर्क, तेच कॅराजीनान, तोच सहा-सहांचा गट, आणि पुढे माणसापर्यंत कधीच न जाणारा निष्कर्ष, हे यज्ञापेक्षा वाईट ठरते. यज्ञाला निदान फळाची अपेक्षा असते.

आता मूळ दाखल्याकडे. समजा, सालई खरी ठरली, दशमूळ खरे ठरले, आणखी शंभर द्रव्ये खरी ठरली. वेद खरा ठरला का?

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरचा एक पाद्री, एडवर्ड स्टोन, याने १७६३ साली रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. विलोची साल वाळवून, कुटून त्याने थंडीतापाच्या सुमारे पन्नास रुग्णांना दिली होती आणि गुण आला होता. सालच का निवडली? ती कडू होती, सिंकोनाची आठवण देणारी, हे एक. दुसरे कारण देवशास्त्राचे होते : थंडीताप दलदलीत होतो, विलो दलदलीत वाढतो, आणि ईश्वर रोगाजवळच त्याचे औषध ठेवतो. विलोच्या सालीत सॅलिसिन निघाले. त्याच घराण्यातून पुढे अ‍ॅस्पिरिन आले. जॉन वेन यांनी १९७१ साली अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन कसे रोखते ते दाखवले आणि १९८२ साली नोबेल मिळवले. स्टोनचे औषध खरे निघाले. ईश्वर रोगाशेजारी औषध ठेवतो हे त्याने सिद्ध झाले नाही. एकाच माणसाच्या एकाच पत्रातली दोन विधाने, एक खरे निघाले म्हणून दुसरे त्याच्या पाठीवर बसून येत नाही.

शितावरून भात कळतो, कारण सगळे दाणे एका भांड्यात, एका आचेवर शिजलेले असतात. गौतमाच्या युक्तिवादाचे सगळे वजन या एका गृहीतकावर आहे : आयुर्वेदाचा द्रष्टा आणि वेदाचा द्रष्टा एकच, आणि दोन्ही ज्ञाने त्याला एकाच रीतीने झाली. ते गृहीतक सालईच्या कितीही चाचण्यांनी तपासले जात नाही. म्हणून औषधाच्या यशाने श्रद्धाळूंनी हुरळून जायला नको. पण औषधाच्या अपयशाने नास्तिकांनीही फार उड्या मारू नयेत. न्यायाचा दाखला कोसळला तरी मीमांसेचा तसाच उभा राहतो. त्याने औषधावर भिस्त कधी ठेवलीच नव्हती.

धुपाचेही तेच. सालईच्या जातकुळीतल्या डिंकातून मिळणाऱ्या इन्सेन्सोल अ‍ॅसिटेट या घटकाचा उंदरांच्या मेंदूवर चिंता कमी करणारा परिणाम होतो, असे २००८ साली अमेरिकी आणि इस्रायली संशोधकांनी दाखवले. दृष्ट फळ हाती असताना अदृष्टाची कल्पना करू नये, हा मीमांसकांचाच दंडक आहे. त्यामुळे धूप लावल्याने मन शांत होण्यापुरते अदृष्टाला सुट्टी द्यायला ते तयार होतील. देव प्रसन्न होतो का, हा प्रश्न त्या उंदरांना विचारलेला नव्हता.

जिथे चाचणी काहीतरी ठोस हाती देते, तिथे परंपरा त्याचे काय करते, हे जास्त कळीचे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसिजेसच्या पुढाकाराने झालेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेली बहुकेंद्री चाचणी घ्या. गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण, २४ आठवडे. सुंठ, गुळवेल, सालई अशा घटकांची आयुर्वेदिक औषधे एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसरीकडे. आयुर्वेदिक औषधे तोडीस तोड ठरली. त्याचबरोबर ती घेणाऱ्या काही रुग्णांत एसजीपीटी हे यकृताचे विकर वाढलेले आढळले. त्यांना त्रास काही नव्हता आणि औषध थांबवल्यावर आकडा पूर्ववत झाला. रक्त तपासले नसते तर हे कुणालाच कळले नसते, हजार वर्षे औषध देणाऱ्या वैद्यालाही नाही. नाडीला एसजीपीटी लागत नाही.

ही नोंद कुठे लिहायची? चरकसंहितेच्या बाबतीत या प्रश्नाला एकदा उत्तर मिळाले होते. अग्निवेशाचा मूळ ग्रंथ चरकाने संस्कारित केला. पुढे त्यातले चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने मिळेनाशी झाली होती, तेव्हा दृढबलाने अनेक तंत्रांतून सामग्री वेचून ती भरली आणि तसे ग्रंथातच सांगून टाकले. संस्कर्त्याचे कामही तिथेच नोंदले आहे : थोडक्यात आलेले विस्तारायचे, फार पसरलेले आटोपशीर करायचे, जुन्या तंत्राला पुन्हा नवे करायचे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या यादीत हा दृढबलाने भरलेला ग्रंथ आहे आणि तो पुराव्यादाखल चालतो. पुण्याच्या चाचणीचा अहवाल त्या यादीत नाही. सुंठ-गुळवेल-सालईचे औषध ग्रंथाधारावर बाजारात आणायचे असेल, तर यकृताची ती ओळ वेष्टणावर छापायला आजचा नियम कुणाला भाग पाडत नाही.